बाळंतपणाची रजा संपते तेव्हा...

गेल्या महिन्यातील एका रविवारची गोष्ट. आमची भाची आपल्या साडेचार महिन्यांच्या मुलीला घेऊन कल्याणला आमच्या घरी आली होती. बाळ मांडीवर झोपले होते. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग ती हळूच म्हणाली, "मावशी, माझी रजा पुढच्या महिन्यात संपते. सासूबाई म्हणतात, पोर एवढेसे आहे, नोकरी सोडून दे. आई म्हणते, सोडलीस तर पुन्हा मिळायची नाही, मुकाट्याने जा. ऑफिसातून मॅडमचा फोन येतो, नक्की कधी येणार ते सांगा. सगळे सांगतात, मला मात्र कोणीच विचारीत नाही. तू कधी गेली होतीस परत?"

आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो. प्रश्न साधा होता, पण त्याचे खरे उत्तर आजवर आम्ही कोणाला दिले नव्हते. ते त्या दिवशी भाचीला दिले. आपल्या समाजातील अनेक लेकी-सुना आज शिकून नोकरीला लागल्या आहेत आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो, म्हणून तेच येथे लिहीत आहोत.

छप्पन्न दिवसांचे बाळ

सन २००९ मध्ये आम्ही भायखळ्याच्या एका खाजगी कंपनीत क्लार्क होतो. त्या वेळी प्रसूती रजा १२ आठवड्यांची, म्हणजे ८४ दिवसांची होती. आठव्या महिन्यात पाय सुजू लागले. डॉक्टरांनी लोकलचा प्रवास बंद करायला सांगितला, म्हणून त्यातील चार आठवडे बाळंतपणाआधीच संपले. मुलगा झाला आणि ८४ दिवस भरले त्या दिवशी तो ५६ दिवसांचा होता. सत्तावन्नाव्या दिवशी आम्ही सव्वाआठची लोकल पकडली.

बायकांच्या डब्यात कोणाचे तरी मूल रडले आणि आमचा पान्हा फुटला. ऑफिसात पोहोचेपर्यंत ब्लाउज ओला झाला होता. दिवसभर पदर लपेटून बसलो. दुपारी छाती दगडासारखी झाली, म्हणून रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या कपाटाआड उभे राहून दूध पिळून फडक्यात टाकले. ते टाकताना जे वाटले, ते लिहिता येत नाही. आठवड्याने धीर करून हेडक्लार्कना म्हटले की संध्याकाळी अर्धा तास लवकर सोडाल का? ते हसून म्हणाले, "मग इथेच पाळणा बांधू या की!" आजूबाजूचे सगळे हसले. आम्हीही कसनुसे हसलो आणि पुन्हा विचारले नाही.

साडेतीन महिन्यांत अंगावरचे दूध आटले. बाटली सुरू झाली. सासूबाई जिवापाड सांभाळीत होत्या. पण बाटली साध्या नळाच्या पाण्याने विसळली जायची. पाचव्या महिन्यात बाळाला जुलाब लागले आणि चार दिवस दवाखान्यात सलाईनवर ठेवावे लागले. त्या चार दिवसांत सासूबाई आमच्याकडे बघत नव्हत्या आणि आम्ही त्यांच्याकडे. त्यांना वाटे, आपल्या हातून झाले. आम्हाला वाटे, आपण सोडून गेलो म्हणून झाले. मूल बरे झाले. आज ते कॉलेजात जाते. पण दोष कोणाचा, याचा काटा दोघींच्या मनात कितीतरी वर्षे राहिला.

मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत स्तनपानासाठी रोज दोनदा सुट्टी देणे मालकावर बंधनकारक आहे, ही तरतूद १९६१ च्या कायद्यात होती. आम्हाला ती कळली तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला होता. बी. कॉम. झालेलो आम्ही! ताळेबंद पाठ होता, पण आपल्याच हक्काचे कलम माहीत नव्हते.

दुसरी बाजू आमच्या जाऊबाईंची. त्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत होत्या. आठ वर्षांची नोकरी झाली होती. मूल झाले आणि घरातल्या मोठ्यांनी ठरवले की आता नोकरी पुरे. राजीनामा गेला. प्रॉव्हिडंट फंड काढला, त्यासोबत पेन्शन खात्यातील रक्कमही काढली आणि ती घराच्या कर्जात गेली. सात वर्षांनी मूल शाळेत रुळल्यावर त्या पुन्हा काम शोधू लागल्या, तेव्हा अगदी खालच्या पगारावर, नव्या मुलींच्या बरोबरीने सुरुवात करावी लागली. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. त्यांना दोनच वर्षे कमी पडली होती, आणि जी आठ होती तीही पैसे काढल्याने पुसली गेली.

तिसरी आमच्या वस्तीतील एक ताई. चार घरची धुणीभांडी करते. ती बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी कामावर गेली. एका घरी "दुसरी बाई बघू का?" असे विचारले होते. तिला रजा नाही, पगार नाही, मस्टर नाही. सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्याकडची जुनी रीत, पण तीही पोट भरलेल्यांनाच परवडते.

आम्ही लवकर गेलो, जाऊबाई गेल्याच नाहीत, आणि त्या ताईला थांबता आले नाही. तिघींचे निर्णय वेगळे दिसतात. पण तिघींपैकी एकीनेही स्वतः ठरवलेले नाही. आमचे कंपनीने ठरवले, जाऊबाईंचे घराने आणि त्या ताईचे रिकाम्या डब्याने. म्हणून भाचीला आम्ही आधी एवढेच सांगितले की तारीख कोणती का असेना, ती तू ठरव. मात्र ठरवण्याआधी सगळे कागद पुढे घेऊन बस.

ही रजा कोणाची मेहेरबानी नव्हे

काही भगिनींना प्रसूती रजा मागताना ओशाळल्यासारखे होते. त्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा. आणि मालक स्त्रियांच्या श्रमांतून लाभ मिळवतो, म्हणून त्यानेही आपला वाटा द्यावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर मंत्री असताना खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही सुधारणा झाली.

देशभरासाठी कायदा झाला तो १९६१ मध्ये. त्यात १२ आठवडे होते. १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ते २६ आठवडे झाले. दोन मुले हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडेच मिळतात. हा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मुख्य तरतुदी पूर्वीप्रमाणेच आहेत. त्या अशा :

बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेले असावे. २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. रजेचा पगार रोजच्या सरासरी पगाराप्रमाणे पूर्ण मिळतो. बाळंतपणामुळे आजारपण आले तर दाखला देऊन आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. या रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानाची सुट्टी आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे. काम घरून करण्यासारखे असेल तर रजेनंतर काही काळ तसे करण्याबाबत मालकाशी बोलून ठरवता येते.

कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या भगिनींना याच २६ आठवड्यांचा लाभ महामंडळाकडून मिळतो. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. सरकारी नोकरीत १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. शिवाय केंद्रात ७३० दिवसांची आणि महाराष्ट्र शासनात २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत मिळून घेता येते.

रजेचा खरा हिशेब

भाचीला वाटत होते की २६ आठवडे म्हणजे बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत आपण घरी. तसे नेहमीच नसते. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. त्यातले आठ आठवडे आधी घेतले तर बाळंतपणानंतर १८ आठवडे उरतात. म्हणजे कामावर जाताना मूल जेमतेम चार महिन्यांचे असते. आधी दोनच आठवडे घेतले तर ते साडेपाच महिन्यांचे असते. म्हणून कामावर परत कधी जायचे हा निर्णय खरे तर सातव्या महिन्यातच सुरू होतो. अर्थात, तब्येत साथ देत नसताना किंवा काम उभ्याने करायचे असताना दिवस वाचवण्यासाठी ओढत राहू नये. तेथे डॉक्टरांचे म्हणणे शेवटचे.

भाचीने आधी तीन आठवडे घेतले होते. राहिले २३ आठवडे, म्हणजे १६१ दिवस. आम्ही तिला विचारले, "हक्काची रजा किती शिल्लक आहे?" तिला ठाऊक नव्हते. सोमवारी फोन करून विचारले तर १८ दिवस निघाले. तिला रविवारची सुट्टी असते. मध्ये येणारे तीन रविवार धरले की झाले २१ दिवस. १६१ आणि २१ मिळून १८२. म्हणजे बाळ बरोबर सहा महिन्यांचे!

या सहा महिन्यांना अर्थ आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आपले आरोग्य खातेही सांगते. सहा महिन्यांनंतर मुगाच्या डाळीचे खिमट, मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे असे वरचे अन्न सुरू होते. त्यामुळे आई दिवसा घरी नसली तरी बाळ केवळ बाटलीवर राहत नाही. सकाळी निघण्यापूर्वी, संध्याकाळी आल्यावर आणि रात्री अंगावर पाजणे पुढेही चालू ठेवता येते. पहिले दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे, म्हणजे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोसही तोवर टोचून झालेले असतात.

सर्वांनाच सहा महिने थांबता येणार नाही. लवकर जावे लागले तरी दूध तोडावेच लागते असे नाही. हात स्वच्छ धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात दूध पिळून ठेवता येते. आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर ठेवलेले दूध चार तासांच्या आत आणि फ्रिजमधले २४ तासांच्या आत वापरावे. ते उकळू नये. भांडे गरम पाण्यात ठेवून कोमट करावे. वाटी-चमच्याने पाजावे, उरलेले टाकून द्यावे. बाटली टाळावी, ती नीट निघत नाही आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे. ही सवय रुजू होण्याच्या निदान दोन आठवडे आधी लावावी. ऑफिसातही दुपारी एकदा दूध काढले की छाती भरून गाठी होत नाहीत. त्यासाठीच स्तनपानाची सुट्टी मागून घ्यावी, आणि तोंडी नव्हे तर लेखी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. आम्ही इतकी वर्षे कारकुनी केली, त्यात एकच गोष्ट पक्की शिकलो : ज्याची पोच नाही तो अर्ज दिलाच नाही असे समजतात.

आपण सगळ्यांनी लहानपणी हिरकणीची गोष्ट ऐकली आहे. रायगडाचे दरवाजे मिटले आणि घरी तान्हे बाळ, म्हणून ती गवळण रात्री कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज झाला, आणि आज एस. टी. स्थानकांवर व काही सरकारी कचेऱ्यांत स्तनदा मातांसाठी 'हिरकणी कक्ष' आहेत. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या मनात नेहमी येते की आईच्या धाडसाचे कौतुक करताना दरवाजा थोडा उशिरा मिटला असता तर, हे कोणीच का म्हणत नाही?

शरीर आणि मन

बाळ गुटगुटीत दिसले की सगळे खूश असतात. बाळंतिणीकडे पाहायला कोणाला वेळ नसतो. रुजू होण्याआधी तिने स्वतःला तपासून घ्यावे. रक्त कमी आहे का? टाके भरले का? कंबर धरते का? सिझेरियन झाले असेल तर लोकलच्या गर्दीत धक्के सोसवतील का? लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या बहुतेक घरांत महिन्याभरात बंद होतात. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर जरूर खावी, पण गोळ्यांना ते पर्याय नव्हेत.

मनाचेही तसेच. पहिल्या काही दिवसांत रडू येणे साधे असते. पण दोन आठवडे उलटले तरी उदास वाटते, झोप लागत नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, असे असेल तर तो आजार आहे. त्याला नाटक म्हणू नये, बाहेरचे म्हणून अंगारे-धुपारेही करू नयेत. डॉक्टरांकडे न्यावे. काही जणींना घरी चार भिंतींत गुदमरते, त्यांना कामावर गेल्याने बरे वाटते. काही जणींना त्याच वेळी कामाचा भार पेलत नाही. म्हणून शेजारणीची तारीख आपल्याला लागू पडेलच असे नाही.

बाळ कोणाच्या हाती?

तारीख ठरते ती खरे म्हणजे या प्रश्नावर. घरात सासूबाई किंवा आई असेल तर उत्तम. पण त्यांना गृहीत धरू नये. त्यांचेही गुडघे दुखतात, त्यांनाही साखर असते, त्यांनाही विहारात, नातेवाइकांत जावेसे वाटते. नऊ-दहा तास तान्हे मूल सांभाळणे हे काम आहे. ते त्यांना नीट विचारून, सुट्टीचा दिवस ठरवून द्यावे. बाटली कशी धुवायची हे आम्ही सासूबाईंना कधी शेजारी बसून दाखवले नव्हते. सांगितले असते तर त्यांनी नक्की ऐकले असते. आज भाचीला आम्ही म्हटले, सासूबाईंना घेऊनच डॉक्टरांकडे जा. जे ऐकायचे ते दोघींनी एकत्र ऐका. म्हणजे उद्या कोणी कोणाला दोष द्यायला नको.

पाळणाघर निवडायचे तर दुपारच्या वेळी न कळवता जाऊन पाहावे. एका बाईकडे किती मुले आहेत, दूध-पाणी कसे ठेवतात, आजारी मुलाला वेगळे ठेवतात का, हे बघावे. रुजू होण्याआधी आठ-दहा दिवस मुलाला तेथे आधी तासभर, मग दोन तास असे ठेवून सवय करावी.

आणि बाप? सरकारी नोकरीत केंद्र शासन पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा देते. खाजगीत कायद्याने काही नाही. पण स्वतःची चार-सहा दिवसांची रजा प्रत्येकाकडे असतेच. ती बारशाच्या मांडवात न घालवता बायको कामावर रुजू होते त्या आठवड्यात काढावी, असे आम्ही जावईबापूंना सुचवले. ते आधी हसले. मग म्हणाले, "म्हणजे दिवसभर मी एकटा?" आम्ही म्हटले, होय, एकटे. तिला ऑफिसात निवांत बसता येईल आणि तुम्हाला दिवसभराचे काम किती असते ते कळेल. आमच्या मिस्टरांनी ते केले नव्हते. त्यांना कोणी सुचवलेही नव्हते. आज ते स्वतःच जावयाला समजावीत होते, याचा आम्हाला आनंद वाटला.

"पगार सगळा पाळणाघरातच जातो"

हे वाक्य घरोघर ऐकू येते. आता जरा वहीत मांडून पाहू. समजा, पगार १८,००० रुपये. पाळणाघर ४,५००, रेल्वेचा पास आणि वरखर्च १,५००. उरले १२,०००. लोक म्हणतात, एवढ्यासाठी जिवाची ओढाताण कशाला? पहिली चूक येथेच होते. पाळणाघराचे पैसे एकट्या आईच्या पगारातून का वजा करायचे? मूल दोघांचे आहे. निम्मे तिच्या आणि निम्मे त्याच्या नावावर लिहा.

दुसरी चूक म्हणजे हातात येतो तेवढाच पगार मोजणे. समजा, मूळ पगार १३,००० आहे. त्यावर प्रॉव्हिडंट फंडाचे १२ टक्के तिचे आणि तेवढेच मालकाचे, म्हणजे १,५६० अधिक १,५६० दरमहा. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची. महिन्याचे २६ दिवस धरून ती ७,५०० रुपये होते. पण त्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. भाचीची सव्वाचार वर्षे झाली आहेत. आज राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी शून्य. आणखी नऊ महिने काढले तर ३७,५०० रुपये. प्रसूती रजेचे २६ आठवडे या सलग सेवेत धरले जातात, हेही तिला माहीत नव्हते.

नोकरी सोडायचीच असेल तर जरूर सोडावी. मूल आजारी असते, घरात सांभाळणारे कोणी नसते, प्रवास अशक्य असतो. त्यात कमीपणा नाही. पण सोडताना पेन्शन खात्यातील पैसे काढू नयेत. सेवा १० वर्षांपेक्षा कमी असेल तर योजना प्रमाणपत्र घेता येते. पुन्हा नोकरी लागली की मागची वर्षे त्यात जोडली जातात. खाते क्रमांक तोच ठेवावा. आमच्या जाऊबाईंना त्या वेळी कोणी एवढे सांगितले असते, तर आज त्यांची आठ वर्षे वाया गेली नसती.

ज्यांना रजाच नाही, त्यांचे काय?

धुणीभांडी करणाऱ्या ताईची गोष्ट वर आली आहे. आपल्या वस्त्यांत अशाच भगिनी अधिक आहेत. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडी ताईंकडे करावा. रक्कम मोठी नाही; पण विसाव्या दिवसाऐवजी चाळिसाव्या दिवशी कामावर जाण्याइतका आधार त्यातून होऊ शकतो. ज्या घरांत आपणच मोलकरीण ठेवतो, तेथे तिला बाळंतपणाची पगारी सुट्टी देण्याची सुरुवात आपण का करू नये? आम्ही स्वतः रजेसाठी भांडतो आणि आपल्याकडच्या बाईला "दुसरी बघू का?" विचारतो, हे शोभत नाही.

आणखी एक गोष्ट. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवून घेते, तेही काही तासच. त्याखालच्या मुलांचे काय? केंद्र शासनाच्या मिशन शक्तीमध्ये अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची 'पालना' योजना आहे. आपल्या भागात तसे केंद्र आहे का, नसेल तर का नाही, हे महिला मंडळाने बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन लेखी विचारावे. आपल्या समाजमंदिराचे सभागृह सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कुलूपबंद असते. दोन होतकरू बायकांना शिकवून, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची नीट सोय करून, परवडणाऱ्या फीत पाळणाघर चालवता येईल का, याचा विचार आमच्या मंडळात सुरू झाला आहे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो, हाही ठेवू.

भाचीची तारीख ठरली

दोन रविवारांनी ती पुन्हा आली. तीन आठवड्यांच्या हक्काच्या रजेचा अर्ज दिला होता आणि पोचेची प्रत पिशवीतून काढून दाखवली. तिच्या ऑफिसात जेमतेम तीस माणसे, म्हणून पाळणाघराचा नियम तेथे लागू नाही. पण स्तनपानाची सुट्टी मिळणार आहे. दोन्ही सुट्ट्या जोडून संध्याकाळी लवकर निघण्याबद्दल मॅडमशी बोलणे चालू आहे. रुजू होण्याचा दिवस गुरुवार येतो, हेही बरे झाले. तीन दिवस काम केले की रविवार. पहिलाच आठवडा सहा दिवसांचा आला की अंग आणि मन दोन्ही खचते.

तिच्या सासूबाईही सोबत होत्या. त्यांनी आम्हाला विचारले, "ताई, समजा नाहीच जमले तिला, तर?" प्रश्न रास्त होता. आम्ही म्हटले, तीन महिने बघा. मूल वारंवार आजारी पडू लागले किंवा तिची तब्येत ढासळली, तर पुन्हा चौघे एकत्र बसा आणि तेव्हाही तिला आधी विचारा. ठरवलेली तारीख म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

त्या काही बोलल्या नाहीत. नातीला उचलून खांद्यावर घेतले आणि सुनेला म्हणाल्या, "ती दुधाची भांडी उकळायची कशी, ते आज घरी गेल्यावर मला एकदा करून दाखव."

वाचक भगिनींनो, आपल्या घरात किंवा शेजारी कोणी गर्भवती असेल तर हा अंक रद्दीत टाकू नका. तिच्या हाती द्या. बाळंतपणानंतर नव्हे, सातव्या महिन्यातच द्या. आणि तिच्या नवऱ्यालाही वाचायला लावा.